पंख्याचं विमान अजून का घेतात? सुपर टुकानोच्या निमित्ताने

प्रश्न तीन पदरी आहे. जेट लढाऊ विमानं आणि ड्रोन दोन्ही बाजारात असताना ब्राझीलच्या सुपर टुकानोसारखं पंख्यावर उडणारं छोटं विमान इतके देश का घेतात? एकच विमान टेहळणी करतं आणि बॉम्बही टाकतं, हे खरं की विकणाऱ्याची भाषा? आणि माहितीपत्रकात लिहिलेले आठ तास नि दीड टन शस्त्रं प्रत्यक्षात मिळतात का?

मी वैमानिक नाही. माझी सगळी नोकरी टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइन इंजिनाने पंखा फिरवणाऱ्या विमानांच्या देखभालीत गेली. सुपर टुकानोच्या नाकात जे पीटी-६ घराण्यातलं इंजिन बसतं, त्याच घराण्यातली इंजिनं मी वर्षानुवर्षं उघडली, धुतली, पुन्हा जोडली. त्यामुळे माझं उत्तर हँगरच्या बाजूने येईल.

थोडक्यात सांगायचं तर हे विमान घेणारा देश मुख्यतः वेळ विकत घेतो. एखाद्या जागेच्या डोक्यावर तासन्तास राहायचं, नीट बघायचं, खात्री करायची आणि मग गरज असेल तरच मारायचं, एवढी सवड. विमानातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट या सवडीसाठी बेतलेली आहे. आणि ही सवड खालच्या माणसाकडे तुम्हाला पाडायचं साधन नसेल तोवरच टिकते. बाकी सगळं या दोन गोष्टींचा विस्तार आहे.

आधी यंत्र बघू. एम्ब्राएर कंपनीचं मूळ टुकानो १९८० मध्ये उडालं, ते प्रशिक्षणाचं विमान होतं आणि त्याचं इंजिन ७५० अश्वशक्तीचं होतं. सुपर टुकानोत त्याच घराण्यातलं पीटी-६ए-६८सी आहे, १६०० अश्वशक्तीचं, आणि पुढे पाच पात्यांचा पंखा. लांबी साधारण साडेअकरा मीटर, पंखांचा विस्तार त्याहून किंचित कमी. सरळ पंख. सरळ पंखामुळे कमी वेगातही विमान हवेवर टिकतं. सुपर टुकानोचा स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली विमान हवेवर टिकत नाही तो, ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि कमाल वेग ताशी ५९० किलोमीटरच्या घरात. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचा. जेट लढाऊ विमानाचा वरचा आकडा कितीतरी मोठा असतो, पण खालचाही मोठा असतो, आणि छोट्या प्रवासी विमानाच्या बाजूला जाऊन उडायचं असेल तर खालचाच आकडा कामाला येतो. याची गोष्ट पुढे सांगतो.

इंजिनाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण या विमानाचं यश बऱ्याच अंशी त्यात आहे. पीटी-६ मध्ये दोन वेगळे टर्बाइन, म्हणजे गरम वायूने फिरणारी पात्यांची चाकं, असतात. एक कॉम्प्रेसर (आत येणारी हवा दाबणारा भाग) फिरवतो, दुसरा गिअरबॉक्समार्फत पंखा. या दोघांमध्ये दांडा नाही. पहिल्यातून निघालेला गरम वायू दुसऱ्याला ढकलतो, एवढाच संबंध. इंजिन बंद असताना पीटी-६ चा पंखा हाताने सहज फिरतो तो यामुळेच. दुसरी गंमत म्हणजे हे इंजिन उलटं बसवल्यासारखं असतं: हवा मागच्या बाजूने आत शिरते, पुढे सरकत जळते आणि पंख्याच्या जरा मागे, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या धुराड्यांतून बाहेर पडते. सुपर टुकानोच्या फोटोत पंख्याच्या लगेच मागे ती दोन तोंडं दिसतील. ब्रिटनने स्वतःसाठी बनवून घेतलेल्या टुकानोत मात्र गॅरेट कंपनीचं टीपीई-३३१ होतं, ज्यात पंखा आणि कॉम्प्रेसर एकाच दांड्याला बांधलेले असतात. उभ्या विमानाकडे बघून फरक ओळखता येतो. पीटी-६ बंद झालं की तेलाचा दाब जातो आणि पाती कडेवर वळून वाऱ्याच्या दिशेला उभी राहतात. टीपीई-३३१ ची पाती चपटी अडकवून ठेवलेली दिसतात, नाहीतर पुढच्या वेळी सुरू करताना पंख्याचा सगळा भार स्टार्टरवर येतो.

याचा लढाईशी काय संबंध? संबंध असा की हे इंजिन जगभर शेतीच्या फवारणी विमानांपासून छोट्या प्रवासी विमानांपर्यंत सगळीकडे आहे. सुटे भाग मिळतात, शिकलेले हात मिळतात. नदीकाठच्या मातीच्या धावपट्टीवरून उडणाऱ्या विमानाचं इंजिन धूळ खातंच. रोजचं काम म्हणजे कॉम्प्रेसर पाण्याने धुणं, तेलाच्या गाळणीजवळच्या चुंबकावर धातूचा कीस चिकटलाय का बघणं, आणि पंख्याच्या पात्याच्या पुढच्या कडेवरून नख फिरवणं. डोळ्याला न दिसणारी खाच नखाला लागते. खाच मर्यादेत असेल तर कानशीने गोलसर करून मोकळं व्हायचं, नसेल तर पातं उतरवायचं. ही कामं सावलीत उभं राहून चार माणसं करू शकतात. आधुनिक जेट लढाऊ विमानाला लागणारी वातानुकूलित शेड, खास उपकरणं आणि माणसांची फौज इथे लागत नाही. छोट्या देशाच्या हवाई दलाला हे फार मोठं आहे.

आता टेहळणी. विमानाच्या पोटाखाली फिरता गोळा असतो, त्यात दिवसाचा कॅमेरा, उष्णता बघणारा कॅमेरा आणि लेझर. या गोळ्याने कित्येक किलोमीटरवरून माणूस, वाहन, चूल पेटलेली आहे का, गाडीचं इंजिन नुकतंच बंद झालंय का, हे दिसतं. पण कॅमेरा बघायला माणूस लागतो, आणि हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. ब्राझीलने ९९ सुपर टुकानो घेतली, त्यांत ३३ एक आसनी आणि ६६ दोन आसनी. एक आसनी विमानात मागच्या आसनाच्या जागी आणखी इंधन बसतं, हे खरं. पण रात्री डोंगराळ भागात, रेडिओवर तीन जण एकदम बोलत असताना, विमान उडवणं आणि पडद्यावरच्या ठिपक्याचा माग ठेवणं एकाच माणसाला सांगणं म्हणजे दोन्ही कामं अर्धवट करवून घेणं. मागच्या आसनावरचा माणूस चाळीस मिनिटं एका अंगणाकडे बघत बसू शकतो. तिथे मुलं खेळतायत की नाही, हे चाळीस मिनिटांत कळतं. चार मिनिटांत कळत नाही. म्हणून मला कुणी विचारलं तर मी दोन आसनीच घ्या म्हणतो.

आणि हल्ला. दोन्ही पंखांत एकेक १२.७ मिलिमीटरची मशीनगन आतच बसवलेली असते. त्या आत असल्यामुळे बाहेरच्या पाचही टांगणीच्या जागा मोकळ्या राहतात. तिथे २५० किंवा ५०० पौंडी बॉम्ब, लेझरने दाखवलेल्या जागी जाणारे बॉम्ब, ७० मिलिमीटरची रॉकेटं, नाहीतर जादा इंधनाच्या टाक्या. यातलं माझ्या मते सगळ्यात योग्य शस्त्र म्हणजे साध्या ७० मिलिमीटर रॉकेटला लेझरचा माग घेणारा भाग जोडून केलेलं मार्गदर्शित रॉकेट. सगळं मिळून त्याचं वजन पंधरा किलोच्या आसपास. एका ट्रकवर ५०० पौंडी बॉम्ब टाकला तर शेजारची घरंही जातात. हे रॉकेट बहुतेक वेळा ट्रकपुरतं राहतं. टेहळणी आणि हल्ला एकाच विमानात असण्याचा खरा फायदाही इथेच आहे. ज्याने तासभर बघितलं, त्याच्याच बोटाखाली बटण आहे. बघणाऱ्याने वर्णन करायचं, ऐकणाऱ्याने दुसऱ्या विमानातून शोधायचं, त्यात होणारा घोळ टळतो. तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, दोन्ही कामं खरोखर होतात.

पण एकाच फेरीत दोन्ही पूर्णपणे होत नाहीत, आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे येतं. आकडे मांडून बघा. रिकामं विमान साधारण ३,२०० किलो. उडताना जास्तीत जास्त ५,४०० किलो. हाती उरले २,२००. त्यातून दोन माणसं, त्यांच्या पॅराशूटसकट, धरा २०० किलो. आतल्या टाक्या भरल्या तर इंधन अर्धा टन. उरले दीड टन, आणि माहितीपत्रकातली शस्त्रांची मर्यादाही तेवढीच. म्हणजे दीड टन शस्त्रं नेता येतात, पण मग उड्डाण आतल्या टाक्यांवरच, म्हणजे फार तर साडेतीन तासांचं. इतक्या ओझ्याने हवेची ओढ वाढते, त्यामुळे तेवढंही नाही. आठ तास हवे असतील तर बाहेर तीन टाक्या लावा. पाचांपैकी तीन जागा गेल्या, वजनही गेलं. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त एका दिवशी एकच खरा असतो. त्यात उन्हाळ्याची दुपार आणि उंचावरची धावपट्टी आली की हवा विरळ, इंजिनाचं तापमान मर्यादेला भिडलेलं, आणि मग आणखी काहीतरी जमिनीवर ठेवून जावं लागतं. प्रत्यक्षात नेहमीची बांधणी मधली असते: एक-दोन टाक्या, दोन हलके मार्गदर्शित बॉम्ब किंवा रॉकेटचा एक पॉड (रॉकेटं भरलेलं नळकांडं), आणि मशीनगन.

मघाशी कमी वेगाची गोष्ट सांगतो म्हटलं, ती ब्राझीलची. सुपर टुकानो मुळात अॅमेझॉनसाठी घडवलं गेलं. १९९० च्या दशकात ब्राझीलने तिथे सिवाम नावाची टेहळणी यंत्रणा उभी करायला घेतली, पन्नास लाख चौरस किलोमीटरहून मोठ्या प्रदेशावर रडार आणि विमानं यांचं जाळं. अमली पदार्थ घेऊन येणारी छोटी विमानं जंगलावरून खाली खाली उडत यायची. ती रडारवर दिसली तरी पुढे काय? १९९८ मध्ये ब्राझीलने संशयित विमान पाडण्याची मुभा देणारा कायदा केला, आणि त्याचे प्रत्यक्ष नियम २००४ मध्ये आले, ज्या सुमारास सुपर टुकानो सेवेत येत होतं. नियमांत पायऱ्या आहेत: आधी जवळ जाऊन ओळखायचं, मग रेडिओवर विचारायचं, मार्ग बदलायला सांगायचं, ठरलेल्या ठिकाणी उतरायला सांगायचं, मग इशाऱ्याचा गोळीबार, आणि शेवटी नाइलाज झाला तर पाडणं. यातली प्रत्येक पायरी त्या विमानाच्या बाजूला राहून करायची असते. ताशी २५० किलोमीटरने जाणाऱ्या सेस्ना या छोट्या विमानाचा नोंदणी क्रमांक वाचायला तिच्याशेजारी तेवढ्याच वेगाने उडावं लागतं.

जून २००९ मध्ये रोंडोनिया राज्यावर हेच घडलं. बोलिव्हियाकडून आलेल्या एका सेस्नाला दोन सुपर टुकानोंनी गाठलं. वर रडारवालं ई-९९ विमान त्यांना दिशा देत होतं. सेस्नाने ऐकलं नाही, इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या गेल्या, मग ती काकोआल शहरात उतरली. आत १७६ किलो कोकेन निघालं. इथे कुणी मेलं नाही आणि माल सापडला, याचं श्रेय सुपर टुकानोइतकंच त्या ई-९९ ला आहे. या वर्गातलं विमान स्वतः फारसं शोधत नाही. त्याला कुणीतरी सांगावं लागतं की अमुक ठिकाणी जा. रडार, खबरे, जमिनीवरची तुकडी यांतलं काही नसेल तर ते विमान आठ तास रिकामं फिरून येईल. ज्या देशांनी विमानं घेतली आणि मागची यंत्रणा उभारली नाही, त्यांना ती फक्त संचलनात उपयोगी पडतात.

कोलंबियाने २००५ च्या अखेरीस २५ विमानांची मागणी नोंदवली आणि फार्क या बंडखोर संघटनेविरुद्ध ती वापरली. मार्च २००८ मध्ये इक्वाडोरच्या हद्दीत असलेल्या छावणीवर रात्री बॉम्ब पडले, त्यात फार्कचा दुसऱ्या क्रमांकाचा म्होरक्या राउल रेयेस मारला गेला. सुपर टुकानो आणि जुनी ए-३७ विमानं त्या मोहिमेत होती. इक्वाडोरने कोलंबियाशी राजनैतिक संबंध तोडले. आणि त्याच इक्वाडोरने नंतर स्वतःच्या हवाई दलासाठी १८ सुपर टुकानो घेतली. जंगलातली छावणी दिसायची असेल तर कुठलं विमान लागतं, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

आता दुसरी बाजू, आणि ती झाकून ठेवणं बरोबर नाही. १९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाने याच वर्गातली, दोन टर्बोप्रॉप इंजिनांची पुकारा विमानं बेटांवर नेली. एकूण २४. एकही परत आलं नाही. काही हवेत पडली, पण बरीचशी जमिनीवर गेली. पेबल बेटावरच्या एका रात्रीच्या छाप्यात ब्रिटिश कमांडोंनी सहा पुकारा उभ्या उभ्या निकामी केली. कच्च्या धावपट्टीवरून आघाडीजवळ राहून उडायचं, हा या विमानांचा गुण. तोच तिथे अंगावर आला. हवेतही बचाव तोकडाच असतो. टर्बोप्रॉपचा धूर जेटपेक्षा थंड, क्षेपणास्त्राला चकवणारे जळते फ्लेअर टाकता येतात, कॉकपिटभोवती चिलखत असतं, इजेक्शन सीट असते. पण खांद्यावरून डागायचं आजचं क्षेपणास्त्र किंवा रडारवर चालणारी तोफ समोर आली की चार-पाचशेच्या वेगाने घिरट्या घालणारं विमान म्हणजे सोपं लक्ष्य. पूर्ण उंचीवरून काम केलं तर खांद्यावरच्या क्षेपणास्त्राच्या पल्ल्याबाहेर राहता येतं, आणि मार्गदर्शित शस्त्रं आल्यापासून ते शक्य झालंय. तरीही ज्या देशाकडे नीट बांधलेली विमानविरोधी यंत्रणा आहे, त्याच्यावर हे विमान पाठवू नये. हवामानही शत्रू असतं: नोव्हेंबर २०२३ मध्ये पूर्व जावात इंडोनेशियाची दोन सुपर टुकानो ढगांतून जाताना डोंगरावर आदळली, चारही जण गेले.

अफगाणिस्तानचा अनुभव मला सगळ्यात जास्त लागतो, कारण तो माझ्या कामाचा विषय आहे. अमेरिकेने फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये जुळवलेली सुपर टुकानो अफगाण हवाई दलाला दिली, वैमानिक जॉर्जियातल्या तळावर शिकले, पहिली चार विमानं जानेवारी २०१६ मध्ये काबूलला पोहोचली आणि त्याच वर्षी ती लढाईत उतरली. मार्च २०१८ पासून लेझर बॉम्बही वापरू लागली. वैमानिक तयार झाले, चांगले तयार झाले. पण हवाई दलाच्या देखभालीचा मोठा भार परदेशी कंत्राटी तंत्रज्ञांवर राहिला. २०२१ मध्ये ते निघून गेले आणि विमानांची तयारी घसरत गेली. ऑगस्टमध्ये यातली काही विमानं त्यांचेच वैमानिक उझबेकिस्तानात घेऊन गेले. वैमानिक दीड-दोन वर्षांत तयार होतो. इंजिनाचा गरम भाग उघडून, पात्याच्या टोकावरचा जळका रंग बघून हे अजून दोनशे तास चालेल की नाही ते सांगणारा तंत्रज्ञ तयार व्हायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, आणि त्याचा खर्च कुठल्याच खरेदीच्या बातमीत नसतो.

ड्रोनचं काय? टिकून राहण्यात ड्रोन सरस आहे, यात वाद नाही. वीस-पंचवीस तास वर राहणारं ड्रोन आहे आणि त्यात माणसाचा जीव जात नाही. पण मोठ्या सशस्त्र ड्रोनला उपग्रहाचा दुवा, जमिनीवरचं नियंत्रण केंद्र आणि पाळीपाळीने बसणारे चमू लागतात. दुवा जाम केला की डोळे जातात. संशयित विमानाला हाताने खुणा करून खाली उतरवणं त्याला अजून नीट जमत नाही. माझं मत असं की ज्याला रात्रंदिवस एकाच सीमेवर नजर हवी त्याने ड्रोन घ्यावं, आणि ज्याला आज इथे, उद्या तीनशे किलोमीटरवर दुसरीकडे जायचंय, शिवाय त्याच विमानावर वैमानिकही शिकवायचेत, त्याने हे घ्यावं. अमेरिकेने विशेष दलांसाठी २०२२ मध्ये सुपर टुकानो न घेता एटी-८०२ हे फवारणीच्या विमानावरून बनवलेलं विमान निवडलं. ते आणखी मंद, पण वजन जास्त वाहतं आणि कच्च्या जमिनीवर जास्त आरामात उतरतं. पोर्तुगालने मात्र २०२४ च्या शेवटी १२ सुपर टुकानो मागवली, नाटोच्या गरजेप्रमाणे बदललेली.

आणि एक नवं काम या वर्गाकडे चालून आलंय: ड्रोन पाडणं. शाहेदसारखं आत्मघाती ड्रोन ताशी १८५ किलोमीटरच्या आसपास उडतं. त्यामागे जेट लावलं तर ते पुढे निघून जातं, आणि महागडं क्षेपणास्त्र खर्च होतं. युक्रेनमध्ये याक-५२ या जुन्या प्रशिक्षण विमानाच्या मागच्या आसनावरून बंदुकीने ड्रोन पाडल्याची उदाहरणं आहेत. सुपर टुकानोकडे त्यापेक्षा कितीतरी चांगला कॅमेरा, रात्री दिसणारं कॉकपिट आणि पक्क्या बसवलेल्या मशीनगन आहेत. अडचण अंतराची आहे. पंखांतल्या दोन मशीनगनचा मारा ठरावीक अंतरावर एकत्र येईल अशा त्या जुळवलेल्या असतात. ते अंतर फार कमी ठेवलं आणि समोरच्या ड्रोनमधली पन्नासेक किलो स्फोटकं फुटली, तर तुकडे थेट आपल्याच पंख्यावर आणि इंजिनात हवा शिरते त्या तोंडावर येतात. म्हणून या कामाला घेतलेल्या विमानाची मशीनगन नव्या अंतरावर जुळवून घ्यायची, जवळ जाऊन मारायचा मोह टाळायचा, आणि शक्य तिथे मार्गदर्शित ७० मिलिमीटर रॉकेट दुरून वापरायचं.